नवरदेवाला ‘बे’ म्हणणारं गाणं

क्लॅरोनेट वाजवणारा माणूस म्हातारपणी त्याच्या खालच्या ओठावरून ओळखू येतो. ओठ दातांवर दुमडून धरायचा, त्यावर वेताची पातळ पत्ती दाबायची आणि फुंकायचं, हे पोरवयापासून चाललेलं असतं. पुढं वाद्य सुटतं, ओठ मात्र दुमडलेलाच राहतो. त्यामुळे मी कायम रुसल्यासारखा दिसतो. घरी पाहुणा आला की बायको आधीच सांगून टाकते, "राग नाही आलेला त्यांना, तोंडच तसं आहे." आता रुसण्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावरच लिहितो. आमच्या धंद्यात रुसण्याला फार महत्त्व होतं, आणि ज्या गाण्याबद्दल मला सांगायचं आहे ते रुसलेल्या माणसाला उठवण्यासाठीच जन्माला आलं होतं.

वडवणीजवळच्या एका गावात माझ्या चुलत्यांचा ब्रास बँड होता. चुलत्यांना सगळे मास्तर म्हणत. लोकांना वाटतं, बँडवाल्याचं काम वाजवणं. ते निम्मं काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे थांबणं. मांडवाशी थांबा, वेशीत थांबा, मामा आला नाही म्हणून थांबा, फोटोवाला आला नाही म्हणून थांबा. लाल कोट घालून, गळ्यात ढोल अडकवून वैशाखाच्या उन्हात थांबणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं. आणि सगळ्यांत जास्त थांबावं लागायचं ते मारुतीच्या पारापाशी.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत गावातल्या मारुतीला जातो. त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. तिथं तो पारावर बसतो आणि मुलीकडच्यांनी येऊन, कपडे देऊन, मान करून त्याला मांडवात न्यायचं असतं. या वेळी नवरदेवानं थोडं रुसायचं, हाही मानाचाच भाग. पूर्वी ते दस्तीवर, म्हणजे हातरुमालावर, नाहीतर अत्तराच्या फायावर भागत असे. मेव्हण्यानं दोन गमतीचे शब्द बोलावेत, नवरदेवानं गालात हसावं आणि उठावं. पण माणसाला एकदा कळलं की आपण बसलो की समोरचा घाबरतो, मग तो अत्तरासाठी बसत नाही.

आम्ही बौद्ध. वडिलांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा देव सोडले, देवाबरोबर पार सुटला आणि पारावरचं रुसणंही सुटलं. आमच्या वस्तीतली लग्नं वंदना, हार आणि जेवण एवढ्यात उरकत. रुसायचं म्हटलं तर बसायला मारुतीच नव्हता. त्यामुळे दुसऱ्यांचे रुसलेले जावई आम्ही तिऱ्हाइताच्या नजरेनं बघायचो, अर्थात पाराच्या खालून. पारावर चढायची मुभा आम्हाला तेव्हा नव्हतीच.

आमच्या बँडचा गायक कचरू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून कचरू नाव ठेवलं होतं, नजर लागू नये म्हणून. उंचीला कमी, पण आवाज असा की कर्णा बंद पडला तरी वरात थांबत नसे. पुरुषाचा आवाज काढी, बाईचा काढी. दोघांचं गाणं असलं की एकटाच दोघंही होई. लाउडस्पीकरच्या हातगाडीला धरून तो चालायचा आणि मी त्याच्या उजव्या अंगाला. गाणं सुरू करण्याआधी तो माझ्याकडे बघे. मी एक सूर लांब धरून देत असे. तो सूर मिळाल्याशिवाय तो तोंड उघडत नसे, मग समोर आमदार असो की मामलेदार.

ते लग्न वडवणीच्या अलीकडच्या एका कोरडवाहू गावातलं. नवरदेव माजलगावकडचा, धरणाच्या पाण्यावरचा, उसाचा. सायकल देण्याची बोली झाली होती आणि सायकल फुगे बांधून मांडवात उभीही होती. पारावर बसल्यावर नवरदेवानं तोंड फिरवलं. त्याच्या मामानं खुलासा केला, "पोराला फटफटी पायजे."

मुलीचा बाप हात जोडून उभा. मुहूर्त टळत आलेला. भटजी दोनदा येऊन बघून गेले. शेवटी त्या माणसानं डोक्यावरचा पटका काढला आणि नवरदेवाच्या बुटावर ठेवला. नवरदेवानं पाय मागं घेतला नाही. पटका बुटावर तसाच.

मास्तर हळूच म्हणाले, "वाजवा रे कायतरी. हे बघवंना."

कचरूनं माझ्याकडे बघितलं. मी सूर दिला. मला वाटलं नेहमीचं काही म्हणेल. त्यानं कर्ण्यातून नवरदेवालाच विचारलं, "कावून रुसला बे?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ‘कावून’ म्हणजे का. आणि ‘बे’ म्हणजे काय ते सांगणं जरा अवघड आहे. दोस्त दोस्ताला म्हणतो, बाप पोराला म्हणतो, भांडणात समोरच्याला म्हणतात. ‘बे’ म्हटलं की समोरच्याचा मोठेपणा गेला. लग्नाच्या दिवशी नवरदेव म्हणजे राजा. त्याचा बापसुद्धा त्या दिवशी त्याला अरे-तुरे करताना जपून बोलतो. अशा राजाला पाराखाली उभ्या असलेल्या बँडवाल्यानं, तेही आमच्यातल्या, कर्ण्यातून सगळ्या गावासमोर ‘बे’ म्हटलं होतं.

सगळं चिडीचूप झालं. मग समोरच्या माळवदावरून हसू आलं. आमच्याकडची घरं सपाट मातीच्या छपराची, त्याला माळवद म्हणतात, आणि लग्न बघायला बाया तिथं बसतात. एक म्हातारी आधी हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळं माळवद हसायला लागलं. कचरूला तेवढंच हवं होतं. त्यानं तोच प्रश्न चालीत धरला आणि जागच्या जागी जोडत गेला:

कावून रुसला बे, कावून रुसला?
मारुतीच्या पारावर फुगून बसला!
सायकल देली तर टांग टाकता येईना,
घड्याळ देलं तर टायम सांगता येईना,
फटफटी देली तर किक काय बसंना,
सासऱ्याच्या धोतरात पाय तुझा फसला!
कावून रुसला बे, कावून रुसला?

‘धोतरात पाय फसला’ म्हटल्यावर नवरदेवाच्या बाजूची पोरंसुद्धा तोंड दाबून हसायला लागली. नवरदेवाचे कान लाल झाले. तो काही चांगुलपणानं उठला नाही. हसणाऱ्या गावासमोर बसून राहणं त्याला जड गेलं म्हणून उठला. सासऱ्यानं पटका उचलला, झटकला, डोक्याला गुंडाळला आणि जावयाच्या पुढं चालायला लागला. आम्ही अशी काही वरात वाजवली की विचारू नका.

जेवणाच्या वेळी नवरदेवाचा मामा आम्ही बसलो होतो त्या बोळात आला. कचरूची गचांडी धरून म्हणाला, "नवरदेवाला बे म्हणतो? तुही लायकी काय?" आणि एक थापड ठेवून दिली. बरोबरच्यांनी ढोलात लाथ घातली. ते गेल्यावर मुलीचा बाप स्वतः लापशीची बादली घेऊन बोळात आला आणि वाकून आम्हाला वाढायला लागला. गावचा कुणबी आम्हाला आपल्या हातानं वाढतोय, असं त्या काळात होत नसे. पुरे म्हटलं तरी वाढत राहिला, लापशी पत्रावळीच्या बाहेर सांडत होती.

परतीच्या रस्त्यावर कचरूचा गाल सुजलेला. मी म्हटलं, "कावून करावं असलं? हाडं मोडली असती."

"मोडली का?"

"न्हाई."

"मंग बास. भान्या, ते सांग, कायबी न देता उठला का न्हाई?"

"उठला."

"झालं तर. गाणं बरोबर हाय."

गाणं चांगलं की वाईट, हे तपासायची त्याची हीच एक रीत होती. सूर, ताल, टाळ्या या नंतरच्या गोष्टी. काही न देता नवरदेव उठला तर गाणं बरोबर.

पुढची काही वर्षं त्या गाण्यानं इमानेइतबारे काम केलं. आम्हाला लग्नं मिळायची ती गाण्यामुळंच. मुलीकडची माणसं सुपारी द्यायला यायची आणि जाताना मास्तरांना बाजूला घेऊन म्हणायची, "जावई जरा तापट हाय म्हणतात. तेवढं तुमचं ‘बे’चं गाणं तयार ठेवा." गेवराईकडच्या एका वाळूवाल्याच्या मुलाच्या लग्नात तर उलटंच. तो मास्तरांना म्हणाला, "तुमचा गायक घरी ठेवून या, वाटल्यास जास्तीचा ढोल आणा." कचरूला ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी वाटायची. नंतर नंतर गाणं म्हणायचीही गरज पडेना. पारावर कुणी जास्तच फुगला की कचरू नुसता कर्ण्यात फुंकर मारून विचारी, "म्हणू का?" की नवरदेव उठलाच. मार त्यानं आणखीही खाल्ला. एका गावात आम्हाला शेतातून पळावं लागलं, मास्तरांचा ट्रंपेट तिथंच राहिला आणि कुणीतरी तो दुसऱ्या दिवशी चेपलेल्या अवस्थेत एसटीत टाकून पाठवला. पण एकदा नवरदेव उठला, की कचरूला मारामारीचं दुःख नसे.

दुःख मला एकदा झालं, ते निराळ्या कारणानं. वडवणीच्या आठवडी बाजारात एक बाई समोर आली. म्हणाली, "तुमी बँडवाले ना? त्या गानेवाल्याच्या बाजूला वाजवायचे?" पहिलं गाणं झालं त्या लग्नातली ती नवरी. मी उगाच खुशीत विचारलं, "बरं हाय ना ताई?"

ती म्हणाली, "बरं कशाचं? त्या ‘बे’चं उट्टं त्यानं माज्यावर काढलं. पयल्या दिवसापासून. नाव घेऊन कदी हाकच मारली न्हाई. ए बे, इकडं ये बे. पोरं बी तसंच म्हणायली आता."

मीच तिची माफी मागितली. ती भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "तुमी कावून माफी मागता? माज्या बापाला पटका डोक्यावर ठिवून मांडवात येता आलं. ते मी बघितलं हाय." मग गर्दीत निघून गेली. मी हे कचरूला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्यानं विडी विझवली आणि त्या दिवशी गाणं म्हटलं नाही.

मग कॅसेटचा काळ आला. शहरातल्या एका कॅसेटवाल्यानं कुठंतरी ते गाणं ऐकलं आणि कचरूला बोलावणं आलं. मी सूर द्यायला बरोबर गेलो होतो. काचेच्या खोलीत आम्हाला बसवलं. कचरूनं गाणं म्हटलं. काचेपलीकडचा माणूस हसला, पण म्हणाला, "गाणं झकास आहे, तो ‘बे’ मात्र काढा. घरात बायाबापड्या ऐकतात. आणि लग्नात वाजायचं तर नवरदेवाचा अपमान करून कसं चालेल? तिथं ‘गं’ टाका. कावून रुसला गं. बाईच्या आवाजात गोड वाटेल."

कचरू म्हणाला, "साहेब, ‘बे’ काढला तर तो उठनार न्हाई."

"कोण?"

"नवरदेव."

त्या माणसाला हे कळलंच नाही. त्याला वाटलं, खेडूत माणूस, काहीतरी बडबडतोय. 

इथं भाषेची एक मेख आहे. आमच्या बोलीत ‘तो रुसला’ आणि ‘तू रुसला’ दोन्हीला ‘रुसला’च. ‘कावून रुसला बे’ म्हटलं की त्याच्या तोंडावर त्याला विचारलं. ‘कावून रुसला गं’ म्हटलं की दोघी मैत्रिणी आपसात बोलतायत, आणि लाडकं लेकरू रुसलंय, त्याला आता काहीतरी देऊन समजवायचं आहे. एका अक्षराच्या फरकानं शिवीचं आंजारणं-गोंजारणं झालं. कचरूनं ‘गं’ म्हणायला नकार दिला. त्यांनी दुसऱ्या बाईकडून ते गाऊन घेतलं. धोतराची ओळही गेली, तिथं ‘सासूबाईच्या लाडाला जावई भुलला’ असं काहीतरी आलं. कॅसेटच्या वेष्टनावर कवीचं नाव छापायच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलं होतं. चालताबोलता माणूस, पान खाऊन एसटीत माझ्या शेजारी बसलेला, आणि पारंपरिक!

नाव न छापल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. वाईट झालं ते पुढं. कॅसेट गावोगाव गेली. चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरवर, साखर कारखान्याच्या गव्हाणीवर नंबर लावून बसलेल्या बैलगाड्यांत तेच गाणं. दुसरे बँड ते वाजवायला लागले, अर्थात ‘गं’चं. माजलगावच्या एका लग्नात नवरदेव हसत आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "ते रुसव्याचं गाणं येतं ना तुमाला? आदी ते वाजवा, मंग मी रुसतो." मी आयुष्यात त्याच्याइतका प्रामाणिक नवरदेव बघितला नाही. कचरूनं त्याच्याकडे बघितलं आणि हातगाडीवरून माइक काढून ठेवला. म्हणाला, "घसा बसला." मास्तरांनी धंदा सांभाळला, नुसती धून वाजवली. धून सुरू झाली, नवरदेव रुसला, सासऱ्यानं अंगठी दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फटक्यासारखं केलेलं गाणं, आता ते घंटेसारखं वाजत होतं: चला, द्यायची वेळ झाली.

याचं कारण समजून घ्यायला मला फार दिवस लागले. हुंडा मागायची लोकांना आता चोरी झाली आहे. कायदा आहे, शिकलेली माणसं आहेत, चारचौघांत बरं दिसत नाही. म्हणून बैठकीत सगळे म्हणतात, आमचं काही मागणं नाही. पण रुसायला कुणाची ना नाही. रुसणं म्हणजे गंमत. गाणं आहे, नाच आहे, फोटो आहेत. गमतीला कोण हरकत घेणार? जे तोंडानं मागता येत नव्हतं ते मागायची सोय आमच्याच गाण्यानं करून दिली. मला याची लाज वाटते, आणि कचरूला तर माझ्या दसपट वाटते.

त्याहून वाईट म्हणजे गाणं आमच्या वस्तीत शिरलं. आपल्याच माणसाचं गाणं म्हणून पोरांनी ते विहाराजवळच्या लग्नांतही हौसेनं वाजवलं. आधी नुसतं नाचायला. मग कुणीतरी नवरदेवाला खुर्चीवर बसवून खोटं खोटं रुसायला लावलं. मग खुर्चीला फुलं आली. मग खोटं खोटं रुसलेल्याला खरं घड्याळ मिळालं. बापांनी जे देवाबरोबर सोडलं होतं ते पोरांनी गाण्याबरोबर परत आणलं, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

दरम्यान डीजे आले आणि बँड मोडला. मास्तर गेले. मी गेवराईच्या रस्त्यावर एका पंपावर पेट्रोल भरायला लागलो, तिथंच म्हातारा झालो. कचरूचा मुलगा प्रकाश शिकला, शाळामास्तर झाला. प्रकाशची मुलगी प्रणाली बीडला एका दवाखान्यात नर्स होती. दोनतीन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं. मुलगा शिकलेला, नोकरीचा. बैठकीत त्यांच्याकडचे म्हणाले, आमचं काही मागणं नाही. आम्ही खूश. मग लग्न तोंडावर आलं तेव्हा मुलाच्या एका मित्रानं फोनवर प्रकाशला सहज विचारलं, "काका, रुसव्याला काय ठरवलंय?"

कचरू माझ्याकडे आला. काठी टेकत, धापा टाकत. "भान्या, क्लॅरोनेट हाय का रं अजून?"

"हाय. पत्ती जुनी झाली."

"नवी टाक. नातजावई रुसनार हाय म्हनं. चारचाकी पायजे."

मी त्याच्याबरोबर प्रकाशकडं गेलो. प्रकाश वाईट माणूस नाही. त्यानं आम्हाला चहा दिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबा, मी हौसेनं देतोय. एकुलती एक लेक हाय माजी. आन् तुमाला कावून वाईट वाटावं? सगळ्या महाराष्ट्रात लग्नात तुमचंच गाणं वाजतंय. तुमच्यामुळंच तर हा रिवाज पडला."

कचरूच्या हातातली बशी तशीच राहिली. मी त्याला मारामारीत बघितलेलं आहे, पण असा बघितला नव्हता. मग म्हणाला, "मी म्हणतो ना गाणं. ‘बे’ लावून म्हणतो. कायबी न देता उठवतो त्याला."

प्रणाली दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि आजोबाच्या हातातली बशी काढून घेतली. "म्हणा आबा तुमी. पप्पा, आबांचं गाणं होईस्तोर गाडीची चावी खिशातून काढायची न्हाई. तो नुसत्या गाण्यानं उठला तर मी सुटले."

"आन् न्हाई उठला तर?" प्रकाशनं विचारलं.

"तर मला कळंल तरी."

मंगल कार्यालयात वंदना झाली, हार झाले. मग डीजेवाल्यानं रुसव्याची खुर्ची मधोमध आणली. लाल मखमल, वर दिव्यांची माळ. नवरदेव बसला, तोंड फिरवलं. कॅसेटमधलंच गाणं, खाली ढोलाचे धक्के घालून, जमीन हादरेल अशा आवाजात सुरू झालं. प्रणालीनं स्वतः जाऊन ते बंद करायला लावलं. माइक आजोबाच्या हातात दिला. डीजेवाल्यानं ओळख करून दिली की हे आमच्या नवरीचे आजोबा, तेही आज आपल्यासाठी हे पारंपरिक गाणं म्हणणार आहेत.

कचरूनं माझ्याकडे बघितलं. मी ओठ दुमडला आणि सूर दिला. फुंक पुरत नव्हती, पण सूर सरळ गेला. तो नवरदेवापुढं जाऊन उभा राहिला, कमरेत वाकलेला, डोकं नवरदेवाच्या डोक्याएवढंच वर. आणि विचारलं, "कावून रुसला बे?"

तोच आवाज, थोडा फाटलेला. त्यानं सगळं कडवं म्हटलं, धोतराच्या ओळीसकट. लोक हसले. खूप हसले, त्या माळवदापेक्षाही जास्त. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी फक्त नवरदेवाचे कान बघत होतो. ते लाल झाले नाहीत. तोही हसत होता. अगदी मोकळेपणानं, मान मागं टाकून. त्याला कशाचीच चीड आली नाही. त्याच्या पिढीत सगळेच सगळ्यांना ‘बे’ म्हणतात, त्याला त्यात आपुलकीच वाटली असेल. विनोद ज्याच्यावर केला त्याला थोडी तरी लाज असावी लागते, नाहीतर तो विनोद नुसता हवेत जातो. हे आम्हाला आधी कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा नवरदेव खुर्चीवरून उठला. कचरूचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. नवरदेव वाकला, कचरूच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, लई भारी! एक नंबर! पर एकदा परत म्हणा ना. व्हिडिओत आवाज नीट आला न्हाई." आणि मागं जाऊन खुर्चीवर बसला. तोंड फिरवून.

प्रणाली तिथंच उभी होती. तिनं काही केलं नाही. वंदना होऊन गेली होती, गळ्यात हार होता, पाहुणे जेवायला बसले होते.

कचरूनं माइक खाली ठेवावा असं मला मनातून वाटत होतं. त्यानं नातीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "दे सूर." नातीचं लग्न होतं, करतो काय माणूस? मी दिला. तो दुसऱ्यांदा म्हणाला, एकही शब्द न चुकता, हातवारे करून, लोकांना हवं होतं तसं. शेवटच्या ओळीला प्रकाश खिशातून चावी काढत पुढं झाला. नवरदेव उठला. टाळ्या, शिट्ट्या, फुलं.

तो व्हिडिओ फार फिरला. लाखो लोकांनी बघितला म्हणतात. माझ्याच पंपावरच्या पोरांनी मला तो दाखवला, त्यात मी आहे हे ओळखल्यावर माझ्याबरोबर फोटो काढले. खाली लोकांनी लिहिलंय की जुनी गाणी ती जुनी गाणी, बघा, आजोबांनी नुसतं गाणं म्हटलं आणि रुसलेला नवरदेव कसा उठला. कचरूला मी हे वाचून दाखवलं नाही. तो आता गाण्याचं नाव काढू देत नाही. रस्त्यानं वरात चालली की घरात जाऊन दार लावून घेतो.

मागच्या महिन्यात प्रणालीचा फोन आला. सासरी बरी आहे म्हणाली. दवाखान्याची नोकरी सोडावी लागली, तेवढं सोडून बरं आहे. आजोबाची तब्येत विचारली, माझ्या ओठाचं विचारलं. मग म्हणाली, "भानूआबा, तुमी बघितला का तो व्हिडिओ?"

"बघितला, बाळा."

"मी रोज बघते," ती म्हणाली. "त्यात चावी दिसत न्हाई."